अनुभव धागा: दारू सोडल्यावर डोक्यात काय काय परत आलं, आणि कधी?

पार्कचौक (धागा काढणारा)

येत्या संक्रांतीला माझी बंद होऊन चार वर्षं होतील. (आमच्यात 'माझी बंद आहे' एवढंच म्हणतात, काय ते सांगावं लागत नाही.) सोडताना जो भेटेल तो एकच सांगायचा, मन घट्ट कर. लिव्हरवर बोलणारेही पुष्कळ. माझ्या सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात धरून सासरे तासभर बोलले होते. पण मेंदूत काय बिघडलेलं असतं, ते कोणत्या क्रमानं जाग्यावर येतं, किती दिवस कळ काढायची, यावर अक्षर कुणी काढलं नाही.

माझा क्रम सांगतो. पहिल्यांदा वास परत आला. विसाव्या की एकविसाव्या दिवशी चटणीच्या दुकानासमोरून जाताना शेंगदाणे भाजल्याचा वास नाकात शिरला आणि मी गाडी बाजूला घेतली. तीच गल्ली, तेच दुकान, कितीतरी वर्षं मला तिथं कसलाच वास नव्हता. मग महिन्याभरानं आकडे आले. मी हिशेबाचं काम करतो, आणि तोवर तीन रकमांची बेरीज कॅल्क्युलेटरवर दोनदा करायचो.

पण मधला काळ वाईट गेला. मार्चमध्ये मुलीचा वाढदिवस होता. केक कापला, टाळ्या वाजवल्या, फोटोत हसलो, आत काहीच हललं नाही. ना आनंद, ना दुःख, ना प्यावंसं वाटणं. बायको म्हणाली, निदान प्यायल्यावर गाणी तरी म्हणायचात. मला वाटलं हेच आता कायमचं. नंतर डॉक्टरांनी समजावलं, दारू रोज डोपामिनचा, म्हणजे मेंदूतल्या आनंद देणाऱ्या रसायनाचा, पूर आणते, मग मेंदू ते झेलणाऱ्या जागा कमी करून टाकतो. पूर ओसरला तरी जागा लगेच वाढत नाहीत. आठवडे लागतात, कुणाला महिने. जूनमध्ये पहिल्या पावसात चहाच्या गाड्यावर मित्रानं एक अत्यंत भिकार विनोद केला आणि मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. विनोद आता आठवत नाही. तारीख लिहून ठेवली आहे.

तर तुमचं लिहा. स्वतःचं, नवऱ्याचं, वडिलांचं, कुणाचंही. नावं नकोत. सोलापुरात दोन चौक ओलांडले की कुणीतरी पाव्हणा निघतो.

जकार्ड

दादा, मी टॉवेलच्या कारखान्यात आहे, अक्कलकोट रोडला. लिहायची सवय नाही, पोरगी टाईप करून देऊलालीय.

माझी मनानं सुटली नाही, पैशानं सुटली. उचल संपली, दुकानदारानं उधारी बंद केली. सकाळपासून पोटात थेंब नाही. संध्याकाळी हात असे हलायला लागले की मागावरची तुटलेली तार, म्हणजे सुताचा धागा, जोडता येईना. बावीस वर्षं तार जोडूलालोय, डोळे झाकून जोडतो. त्या दिवशी गाठच बसेना. दुसऱ्या दिवशी जेवताना फिट आली, ताटावरच पडलो. बायकोला वाटलं बाहेरचं काहीतरी लागलं, ती लिंबू शोधायला लागली. शेजारच्या अण्णांनी रिक्षात घालून सिव्हिलला नेलं.

पुढचे तीन दिवस मला आठवत नाहीत. बायको सांगते, पलंगावर बसून हवेत तारा जोडायचो. चिमटीत धरायचो, पीळ द्यायचो, उरलेलं टोक दातानं तोडायचो. मध्येच ओरडायचो, "बीम संपूलालाय बे, माग बंद कर!" शेजारच्या पेशंटचा माणूस उठून व्हरांड्यात जाऊन झोपला.

शुद्धीवर आल्यावर डॉक्टरनं विचारलं, काम काय करता? सांगितलं. म्हणाले, तिथं एकमेकांशी बोलता कसं? म्हटलं ओरडून, दुसरं कसं. म्हणाले, आणि लाईट गेली तर? आता लाईट गेली की सगळे माग एकदम थांबतात, पण आपण पहिलं वाक्य तसंच बेंबीच्या देठापासून ओरडतो, मग सगळे हसतात. ते म्हणाले, तुमचा मेंदू आत्ता तेच करतोय. इतकी वर्षं दारू त्याला दाबत होती, म्हणून तो ओरडून काम करायला शिकला. दारू थांबली, ओरडणं चालूच आहे. हळू बोलायला त्याला थोडे दिवस द्या, तोवर आम्ही गोळ्यांनी त्याचा आवाज कमी ठेवतो, आणि गोळ्या रोज थोड्या थोड्या उतरवतो.

मला हे लई पटलं. थरथर दहा दिवसांत गेली. पण बारीक सुताची गाठ पहिल्यासारखी एका झटक्यात बसायला दीड महिना गेला.

रातपाळी

मी वॉर्डात सिस्टर आहे, कुठल्या ते सोडा. जकार्ड दादा, तुमच्यासारखे तारा जोडणारे मी बरेच पाहिलेत. स्टिअरिंग फिरवणारा ट्रकवाला पाहिलाय, आणि रात्रभर विड्या वळणारी एक आजीसुद्धा. पानात तंबाखू भरून, दोरा गुंडाळून, बाजूला रचायची. या भ्रमात माणूस आपला धंदाच करतो, आणि पुस्तकातसुद्धा याला त्या अर्थाचंच नाव आहे.

डॉक्टरांच्या उदाहरणात थोडी भर घालते. मेंदूत आवाज खाली आणणारं एक रसायन आहे, गाबा, आणि चढवणारं एक, ग्लुटामेट. दारू गाबाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेटला दाबते. रोज तसं झालं की मेंदू उलट बाजूनं जोर लावतो. अचानक थांबवलं की तो जोर मोकळा सुटतो. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, धडधड. फिट आली तर बहुतेक बारा ते अठ्ठेचाळीस तासांत. भ्रम, ताप, रक्तदाब चढणं हे दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. म्हणून नातेवाईक 'दोन दिवस झाले, आता धोका टळला' म्हणतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. हा भ्रम अंगावर काढला तर जीव जाऊ शकतो. जो वर्षानुवर्षं रोज पितोय त्यानं घरी, एकट्यानं, एका झटक्यात बंद करू नये. यात हिंमत दाखवण्यासारखं काही नाही.

आणखी एक. पिणाऱ्याचं जेवण तुटलेलं असतं, शिवाय दारूमुळे आतड्यातून बी-१ जीवनसत्त्व नीट शोषलंच जात नाही. अशा माणसाला ग्लुकोजचं सलाईन लावायच्या आधी बी-१ द्यावं लागतं. अशक्तपणा आलाय म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात नुसतं ग्लुकोज चढवून घेतात, त्यात मेंदूचं नुकसान होऊ शकतं. 'हा रोज पितो' हे सांगायला घरचे लाजतात. कृपा करून सांगा.

पार्कचौक यांनी क्रम विचारलाय. एमआरआयमध्ये दिसतं ते असं, की जास्त पिणाऱ्याचा मेंदू आकारानं थोडा आटलेला असतो, आणि सोडल्यावर बराचसा परत भरतो. सगळ्यात वेगानं पहिल्या काही आठवड्यांत, मग सावकाश सहा-सात महिने आणि पुढेही. दारू सोडून बिडी-सिगारेट चालू ठेवणाऱ्यांत हे भरणं हळू होतं.

शेंगापोळी

माझं एकच. दारू सुटली आणि गोड सुरू झालं. आयुष्यात कधी पेढा खाल्ला नव्हता, पहिल्या महिन्यात रोज दोन शेंगापोळ्या तुपाबरोबर. बायको म्हणायची, आता साखरेचं व्यसन. खाऊ दे म्हटलं. चार महिन्यांनी आपोआप कमी झालं. पँट मात्र अजून बसत नाही.

होटगीरोड

मी बायकोच्या बाजूनं लिहिते. आमच्याकडे आधी चोरून औषध दिलं होतं. 'पेशंटला न सांगता दारू सोडवा' अशी पत्रकं भिंतीवर असतात ना, तसलंच. सासूबाईंनी कुणाकडून तरी पावडर आणली आणि आमटीत घालायला लागल्या. मला माहीत होतं, मी गप्प बसले. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं सुटली तर सुटली. चौथ्या दिवशी हे बाहेरून पिऊन आले आणि उंबऱ्यातच बसले. चेहरा लालबुंद, छाती धडधडतेय, उलट्यांवर उलट्या, मग अंग गार पडलं. अतिदक्षता विभागात दोन रात्री काढल्या. डॉक्टरांनी विचारलं काय दिलंय, तर सासूबाई म्हणाल्या, काही नाही. शेवटी मीच सांगितलं. त्या दिवसापासून ह्यांनी माझ्या हातचं जेवण सहा महिने संशयानंच खाल्लं. आधी मला एक घास भरवायचे, मग स्वतः.

पुढच्या वर्षी स्वतःच्या पायानं गेले, भरती झाले, सुटली. पण सुटल्यावरचा तिसरा महिना मला पिण्याच्या दिवसांपेक्षा जड गेला. भाजीत मीठ कमी पडलं तर ताट भिरकावायचे. रात्री दोन वाजता उठून गॅलरीत येरझाऱ्या. मला वाटायचं, दारू नाही तर हा माणूस मुळातच असा. समुपदेशकांनी सांगितलं, कपाळामागचा मेंदूचा भाग लगाम धरतो, थांब म्हणतो, विचार करून बोल म्हणतो. दारूत तोच फार झिजतो आणि भरायला वेळही तोच जास्त घेतो. तोवर घोडा आहे, लगाम नाही. मी कॅलेंडरवर ताट भिरकावल्याच्या दिवशी फुली मारायला लागले. एप्रिलमध्ये अकरा फुल्या, मेमध्ये सहा, जूनमध्ये दोन. त्यांना दाखवलं नाही. मला स्वतःलाच पुरावा हवा होता.

रातपाळी

होटगीरोड ताई, ते बहुधा डायसल्फिरम असणार. दारू शरीरात मोडताना मध्ये एक विषारी पदार्थ तयार होतो, हे औषध त्याला पुढे मोडूच देत नाही, मग तो रक्तात साठतो. १९४०च्या दशकात डेन्मार्कमध्ये दोघं संशोधक जंतांवरचं औषध म्हणून स्वतःवर तपासत होते, त्यात हे लक्षात आलं. औषध चांगलं आहे, पण ज्यानं समजून, सही करून घेतलंय त्याच्यासाठी. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो. न सांगता देणं म्हणजे माणसाच्या ताटात सुरुंग पेरणं.

नवीपेठ

सगळ्यांचं परत आलेलं वाचून बरं वाटतंय. माझ्या अप्पांचं सगळं नाही आलं, तेही इथं असावं म्हणून लिहिते.

अप्पा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. मिल बंद पडल्यावर आधी रात्रीची, मग दुपारची, मग सकाळी तोंड धुण्याआधीची. जेवण म्हणजे मूठभर फुटाणे. शेवटी शेवटी ते चालताना झोकांड्या जायचे, बोलताना डोळे एका जागी ठरायचे नाहीत, दिवस कुठला ते कळायचं नाही. आम्ही म्हणायचो, आज जास्त झालीय, झोपू द्या. खरं तर त्या आठवड्यात ताप होता म्हणून ते फारसे प्यालेच नव्हते. आई म्हणत होती वास येत नाहीये. आम्ही तिचं ऐकलं नाही. ती बी-१ च्या कमतरतेची खूण होती, तेव्हाच इंजेक्शनं पडली असती तर बरंच वाचलं असतं. आम्ही पाच दिवसांनी नेलं.

डोळे सुधारले, चालणंही पुष्कळ सुधारलं. नवीन आठवण मात्र धरत नाही. सकाळी विचारलं अप्पा काय केलं, की सांगतात, सिद्धेश्वराला जाऊन आलो, तळ्याला पाणी चांगलं आहे, अमुक भेटला होता. पलंगावरून हललेले नसतात, आणि तो अमुक जाऊन दहा वर्षं झाली. सुरुवातीला मी चिडायचे, खोटं बोलताय म्हणून. आता समजतं की जिथं भोक पडलंय तिथं मेंदू स्वतःच ठिगळ लावतो, त्यांना ते खरंच वाटतं. जुनं सगळं शाबूत आहे. मिलचा भोंगा किती वाजता व्हायचा, कुठल्या खात्यात कोण मास्टर, बोनस किती मिळाला, सगळं. दोन वर्षांत एवढंच नवीन शिकलेत, की न्हाणीघर डावीकडे आहे. आम्ही दाराला लाल फडकं बांधलंय. पाच-सहा महिने हात धरून तिथवर नेत होतो, एक दिवस स्वतःच गेले. आईनं त्या दिवशी शिरा केला.

कंबरतलाव

बाईनं लिहावं की नाही, असं दोन दिवस चाललं होतं. लिहिते.

पुण्यात आयटीत होते, घरून काम सुरू झालं तशी सोलापूरला माहेरी आले. आईच्या घरात बाटली ठेवायची कुठं? वॉशिंग मशीनच्या मागं. व्होडका, कारण वास कमी. तीन वर्षं कुणाला कळलं नाही, कारण कुणाला तशी शंकाच येणार नव्हती. भावाची असती तर आठवड्यात सापडली असती. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, त्यामुळं तेवढीच दारू रक्तात जास्त चढते आणि इजाही लवकर करते, हे मला फार उशिरा कळलं.

माझी गोष्ट झोपेची. सगळ्यांना वाटतं दारूनं झोप लागते. लागते, पण दारू स्वप्नांची झोप दाबून टाकते. सोडली की ती सगळी थकबाकी एकदम वसूल होते. पहिले दोन महिने मला रोज पिण्याची स्वप्नं पडायची. इतकी खरी की सकाळी उठून मी स्वतःचा श्वास तळहातावर घेऊन हुंगायचे. एकदा तर रडत आईला उठवलं की मी काल घेतली. आईनं वॉशिंग मशीन ओढून मागं बघितलं, माझ्या कपाळाला हात लावला, आणि म्हणाली, "नाही घेतलीस बाळा, झोप."

सलग सहा तासांची झोप सातव्या महिन्यात लागली. आणि कोडिंग परत आलं. मी लिहिलेला तीस ओळींचा कोड पुन्हा वर न जाता डोक्यात धरून ठेवता यायला लागला. दारू सोडणाऱ्यांच्या एका गटाच्या मीटिंगला गेले होते, तिथं मी एकटीच बाई. पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटलं कुणाची तरी पत्नी आलीय. चहा मलाच द्यायला सांगितला!

माळवाला

राम कृष्ण हरी. मी तीन वेळा सोडली, चौथ्यांदा सुटली. आमच्याकडे माळ घातली की दारू-मटण बंद, हे सगळ्यांना ठाऊक. मी काय करायचो, प्यायला बसताना माळ काढून खुंटीला लावायचो. म्हणजे नियम मोडला नाही. इतका हुशार माणूस मी.

सांगायचं हे की दर वेळी सोडताना त्रास आधीच्यापेक्षा वाढला. पहिल्यांदा नुसते हात हलले. दुसऱ्यांदा उलट्या आणि तीन रात्री जाग. तिसऱ्यांदा फिट. मला वाटायचं, सवय आहे, या वेळी सोपं जाईल. डॉक्टर म्हणाले उलट आहे, प्रत्येक वेळी मेंदू जास्त भडकतो. एकदा पेटून विझलेलं लाकूड लवकर धरतं तसं. चौथ्यांदा पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात राहिलो. डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ साली काढलेलं. परत आल्यावर एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) बैठका धरल्या. १९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघंही पिणारे, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून हे निघालं म्हणतात. आपल्या वारीतही चालताना माणूस एकटा नसतोच.

मला काय परत आलं? हरिपाठ. सत्तावीस अभंग लहानपणापासून पाठ होते, पिण्याच्या काळात सातव्या-आठव्याच्या पुढं अडखळायचो. एकदम नाही आले. आठवड्याला एखादा. शेवटचा यायला कार्तिकी उजाडली.

विडीघरकुल

धागा आत्ताच वाचला. काल सकाळपासून बंद केलीय. रोज तीन क्वार्टर होती. आता हात फार थरथरूलालेत, पंखा फुल असून घाम. मघाशी भिंतीवर काहीतरी चालल्यासारखं दिसलं, लाईट लावली तर नव्हतं. घरी कोणी नाही, मिसेस माहेरी इंडीला. सकाळी दवाखान्यात गेलं तर चालेल का?

रातपाळी

सकाळी नाही. आत्ता. १०८ ला फोन लावा, स्वतः गाडी चालवू नका. दाराला आतून कडी असेल तर आधी ती काढा, मग खाली जमिनीवर बसा, पलंगावर नको. पुन्हा प्यायची नाही, झोपेची गोळी घरातली घ्यायची नाही. मिसेसना फोन करा.

जकार्ड

भाऊ, घरकुलात कुठं? पत्ता इथं टाकू नका, मला वेगळा निरोप करा. पाळी सुटूलालीय, मी गेटवरच आहे. लांब नाही.

विडीघरकुल

कडी काढली.

पार्कचौक

कुणीतरी कळवत राहा.

होटगीरोड

जागी आहे. काही लागलं तर सांगा, सिव्हिलला डबा पोचवते.

जकार्ड

पोचलो. मी आणि गाडी एकदमच पोचलो. आता सिव्हिलला आहे, आत घेतलंय. सिस्टरला विचारलं सलाईनच्या आधी बी-१ दिलं का. ती म्हणाली दिलंय, तुम्ही डॉक्टर का? म्हटलं नाही, टॉवेलवाला.

त्यांची मिसेस इंडीहून निघालीय, तोवर मी बसतो. पोरगी घरी आहे, म्हणून हे मीच टाईप करूलालोय. चुका असतील.